पाइप कापला होता, हे खरं

गाडी मागून बसली की आमच्याकडं सगळ्यांना एकच सुचतं, पाटे गेले, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्या मोडल्या. पानटपरीवाला तेच सांगतो, मालकासोबत आलेला मेव्हणा तेच सांगतो, आणि मिस्त्रीनं मान हलवून ऐकून घ्यावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते. मी ऐकून घेणाऱ्यांतला नव्हतो. ‘पाटे गेले’ म्हणणाऱ्याच्या हातात बॅटरी देऊन मी त्याला गाडीखाली जाऊन पाटा दाखव म्हणायचो. त्यामुळं माझ्याकडं गिऱ्हाइकं कमी आणि अवघड गाड्या जास्त यायच्या. परभणीत जिंतूर रोडला माझं पत्र्याचं शेड होतं, दारात लिंबाचं झाड आणि आत गाडी उभी करायचा खड्डा. उमेदीची सगळी वर्षं त्या खड्ड्यात उभं राहून मी गाड्यांची पोटं बघितली. गाडीवाल्यांची तोंडं त्यामानानं कमी बघावी लागली, ते बरंच झालं.

शेड टाकायच्या आधी मी मानवतला एका जिनिंगमध्ये फिटर होतो. कापसाची गठाण बांधायचा तिथला प्रेस तेलाच्या दाबावर चालतो. अंगठ्याएवढ्या नळीतून तेल जातं आणि खोलीभर कापूस दाबून त्याची दगडासारखी गठाण करून ठेवतं. नळीला सुईएवढं भोक पडलं तरी तेल चाबकासारखं बाहेर येतं. माझ्या एका सोबत्याच्या हाताची कातडी त्यानं उसवलेली मी बघितली आहे. तेव्हापासून दाबातल्या तेलाची मला भीती वाटते आणि त्याच भीतीवर मी पुढं पोट भरलं.

झरीच्या पलीकडच्या एका गावचे आबासाहेब म्हणजे मोठे बागाईतदार. त्यांचा मुलगा अरबांच्या देशात नोकरीला होता. तिकडून कायमचा परत येताना त्यानं एक लांबलचक जर्मन गाडी आणली, स्टेअरिंग डावीकडं असलेली, मागं डिकीच्या जागी अख्खी खोली. मुलगा नंतर पुण्यात स्थिरावला आणि गाडी वडिलांकडं राहिली. साऱ्या जिल्ह्यात तशी दुसरी गाडी मी तरी बघितली नाही. तिची गंमत अशी की मागं कितीही माणसं बसवा, कितीही ओझं टाका, ती मागून बसायची नाही. इंजिन चालू केलं की खाली गेलेलं बूड हळूहळू वर यायचं आणि गाडी पाटासारखी सपाट उभी राहायची. गावातली पोरं नुसती तेवढं बघायला जमायची.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनावर एक छोटा पंप असतो. तो तेल मागं पाठवतो. मागच्या चाकांपाशी दोन दांडे असतात, आपल्या शॉकपसारखे, पण त्यांच्या पोटात हे तेल भरतं. मधोमध एक व्हॉल्व असतो आणि त्याला एक बारीक काडी जोडलेली असते. गाडी खाली गेली की काडी व्हॉल्वला सांगते, तेल सोड. दांडे भरतात, गाडी उचलली जाते. ओझं उतरलं की तीच काडी उलटं सांगते आणि तेल टाकीत परत येतं. पाटे वगैरे यात कुठंच नाहीत. गाडी पहिल्यांदा माझ्याकडं आली तेव्हा कुणीतरी शहाण्यानं स्प्रिंगच्या वेढ्यांत ट्रकच्या टायरचे रबरी गुटके ठोकून बसवले होते. बिघाड एवढाच होता की काडीचा सांधा निखळला होता. मी गुटके काढले, काडी हातानं वर ढकलली आणि गाडी सगळ्यांसमोर उठून उभी राहिली. आबासाहेब खूश झाले. त्यांच्यापेक्षा जास्त खूश झाला त्यांचा ड्रायव्हर लिंबाजी.

लिंबाजी त्याच गावचा, बौद्ध वस्तीतला. अंगानं किरकोळ आणि बोलायला कमी. गाडी मात्र जिवापाड जपायचा. तेलाची टाकी तो रोज बघायचा. हात पुसायचं फडकं वेगळं आणि काचेचं वेगळं ठेवायचा. माझ्याकडं आला की खड्ड्यात उतरून माझ्याशेजारी उभा राहायचा आणि हे काय, ते काय, असं विचारायचा. ड्रायव्हर लोक सहसा खड्ड्यात उतरत नाहीत, बाहेर चहा पीत बसतात. त्यामुळं त्याचं माझं जमलं.

आता ज्या दिवसाबद्दल लिहायचं म्हणून बसलो त्या दिवसाकडं येतो. नामविस्तार होण्याआधीचे ते दिवस होते. विद्यापीठाला नाव द्यायचं की नाही यावरून इतकी वर्षं धुमसत होतं आणि आता होणार, नक्की होणार, अशी हवा होती. अठ्ठ्याहत्तर साली खेड्यापाड्यांत काय झालं होतं ते ज्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, ती माणसं गप्प असायची. ज्यांनी बघितलं नव्हतं ती पोरं पारावर बसून जास्त बोलायची. एखादी गंजी पेटली, एखादा बैल मेला, तरी आधी ‘कुणी केलं’ हा प्रश्न निघायचा आणि उत्तर तयारच असायचं.

भर दुपारी ट्रॅक्टरनं ओढत ती जर्मन गाडी माझ्या शेडसमोर आली. बूड रस्त्याला टेकायला आलेलं, डाव्या बाजूचं मागचं टायर फाटून चिंध्या झालेलं. मागं दुसऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पंधरा-वीस माणसं होती. काहींच्या हातात काठ्या होत्या. ट्रॉलीत सगळ्यांच्या मधोमध लिंबाजीला बसवलं होतं. त्याच्या सदऱ्याची एक बाही खांद्यापासून उसवली होती. जीपमधून आबासाहेब आणि त्यांचा पुतण्या विलास उतरले.

विलास तिशीतला, घरातली शेती बघणारा. त्यानंच सगळं सांगितलं. घरच्या बायका आणि लेकरं गाडीत बसून परभणीला निघाली होती. पुण्याहून आलेली आबांची सून, नाती, सगळ्या गाडीत आणि चालवायला लिंबाजी. कालव्याच्या पुलावर गाडी एकाएकी मागून बसली, टायर पत्र्याला घासून फुटलं आणि गाडी कठड्याला जाऊन भिडली. कठडा नसता तर सगळी कालव्यात गेली असती. लेकरं रडून रडून आता दुसऱ्या गाडीनं घरी गेली होती.

‘म्या जाऊन खाली वाकून बघितलं तर पाइप कापलेला,’ विलास म्हणाला. ‘चाकूनं कापावा असा. ह्या लिंब्याशिवाय त्या गाडीला कुणी हात लावीत न्हाई. आता तुमीच बघा आन् सगळ्यांसमोर सांगा.’

आबासाहेब लिंबाच्या सावलीत उभे राहिले. त्यांचा आवाज खाली होता. ‘मिस्त्री, माझ्या नाती व्हत्या त्यात. काय आसंल ते खरं सांगा.’

ट्रॉलीतला एकजण दुसऱ्याला म्हणाला, पोरं वस्तीकडं कवाच जमायलीत, आपलीच वाट बघायलीत. तो हळू बोलला नव्हता. लिंबाजीनंही ते ऐकलं. त्याची बायको आणि दोन लेकरं गावातच होती. त्यानं नुसतं माझ्याकडं एकदा बघितलं. आपण काय बोलणार यावर कुणाचं तरी घर उभं राहणार की जळणार, असं मिस्त्रीच्या वाट्याला सहसा येत नाही.

गाडी ढकलून खड्ड्यावर घेतली. बूड इतकं खाली आलं होतं की जॅक लावून मागचा भाग उचलल्याशिवाय मला खड्ड्यात उभंही राहता येईना. बॅटरी मारून वर बघितलं. डाव्या दांड्याकडं जाणारा रबरी पाइप खरोखरच कापलेला होता. फाटलेला नव्हता, उललेला नव्हता. फाटलेल्या पाइपाचं तोंड कुरतडल्यासारखं असतं, आतली जाळी चिंध्यांसारखी बाहेर येते. ह्याचं तोंड करवतीनं कापावं तसं सरळ होतं. विलास खोटं बोलत नव्हता.

विलास खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला. डोकं आत घालून हळू आवाजात म्हणाला, ‘दिसलं न्हवं? कापलाय, एवढंच म्हणा. तुमचं काय जातंय?’

माझं खरंच काही जात नव्हतं. त्यांच्या भावकीतले सगळे ट्रॅक्टर माझ्याकडं यायचे. ‘कापलाय’ म्हणणं खोटंही नव्हतं. कोर्टात शपथेवर सांगितलं असतं तरी चाललं असतं. तो शब्द ओठांवर होता आणि त्याच्या पुढं काय होईल तेही दिसत होतं. मी म्हणालो, ‘बघू द्या की अजून. आत्ताच कुठं वाकलोय.’

मग मी मनाशी हिशेब मांडला. घरीच कुणी पाइप पूर्ण कापला असता तर दांड्यातलं तेल तिथंच सांडून गाडी तिथंच बसली असती. पुलापर्यंत आलीच नसती. मी हे वर सांगितलं. विलास लगेच म्हणाला, ‘आर्धा कापून ठिवला आसंल. वाटंत तुटला.’ हेही खरं असू शकतं. मी दोन्ही तोंडं पुन्हा बघितली. अर्धा कापलेला पाइप तुटला तर अर्धं तोंड सरळ आणि अर्धं फाटकं दिसायला हवं. इथं दोन्ही तोंडं चारी बाजूंनी सरळ होती. तरी माणसं हलेनात. काठ्या तशाच होत्या.

मग एक साधी गोष्ट करून बघितली. कापलेली दोन टोकं हातानं ओढून एकमेकांना भिडवायला गेलो. ती भिडेनात. मधे दोन बोटांचं अंतर राहिलं. पाइप नुसता कापला नव्हता, त्यातला एक तुकडाच नव्हता. ज्याला नुकसान करायचं तो कापतो आणि पळतो. मधला तुकडा काढतो कोण? खराब भाग काढून टाकायचा असतो तो. म्हणजे दुरुस्ती करणारा. मी टोकांवरचा चिखल फडक्यानं पुसला. दोन्ही टोकांवर तारेच्या वेढ्यांचे वळ उमटले होते. कुणीतरी मधे नळी घालून वरून तार आवळून जोड मारला होता.

आमच्या भागात हे सर्रास चालतं. फवारणीच्या पंपाचा पाइप फुटला की फुटका भाग कापायचा, मधे पितळी नळीचा तुकडा घालायचा, वरून तार पिळायची. पाच मिनिटांचं काम. फवाऱ्याला तो जोड वर्षानुवर्षं धरतो. पण फवाऱ्याचा दाब तो काय असतो? ह्या गाडीच्या तेलापुढं तो जोड म्हणजे दार लावून आत कडी न घातल्यासारखं. मी आडव्या दांडीवर साचलेल्या तेलकट चिखलात बोटं घातली आणि शोधत राहिलो. बोटाएवढा पितळी तुकडा हाताला लागला.

तो पुसताना मला त्याच्यावर काय होतं ते दिसलं. पण मी ते बोललो नाही. वर आलो आणि म्हणालो, ‘आबा, ह्यो जोड व्हता. कुणीतरी चांगल्या मनानंच मारलाय. पण कसा सुटला ते मी बोलून सांगत न्हाई, दाखवितो.’

विलासचा आवाज चढला. ‘नवीन पाइप टाका अन् मोकळं करा. ह्यो काय खेळ लावलाव?’

‘करू दे त्येंला,’ आबा म्हणाले.

जोड जसा होता तसाच मारला. त्याच जागी तो पितळी तुकडा घातला, त्याच वळांवर तार पिळली, पक्कडीनं आवळली. मी तर जरा जास्तच आवळली, उगीच कुणी म्हणायला नको. फुटलेलं टायर काढून दुसरं चढवलं. जॅक काढला, टाकीत तेल ओतलं. सगळ्यांना गाडीपासून लांब केलं आणि खड्ड्यावर जाड पत्रा टाकला. इंजिन चालू केलं. बूड हळूहळू वर यायला लागलं. गाडी सपाट झाली. जोडातून तेलाचा एक थेंबही येत नव्हता.

‘धरलाय की,’ विलास म्हणाला.

‘रिकाम्या गाडीला धरतोय,’ मी म्हणालो. ‘आता काठ्या खाली ठिवा आन् सहाजण मागं बसा.’

ते एकमेकांकडं बघायला लागले. आबांनी नुसती मान हलवली तेव्हा ट्रॉलीतले सहा गडी येऊन मागच्या खोलीत बसले. गाडी खाली गेली. पंपाचा आवाज जड झाला. मग बूड वर सरकायला लागलं, जसं ते नेहमी सरकायचं, आणि आत बसलेल्यांपैकी एकजण त्या तसल्या वेळीही हसला. गाडी जवळपास सपाट होत आली. मला वाटलं, आता धरतोय की काय. मी तार जास्त आवळली होती. ह्या क्षणाला जोड धरला असता तर माझ्या बोलण्याला काडीची किंमत राहिली नसती आणि लिंबाजीचं काय झालं असतं ते मला आजही लिहवत नाही.

फटका मारल्यासारखा आवाज झाला. पत्र्यावर तेलाचा फवारा आदळला आणि गाडी सहा जणांना घेऊन धपकन खाली बसली. सहाही गडी खाली उड्या मारून बाहेर आले. मी इंजिन बंद केलं.

पितळी तुकडा घरंगळत शेडच्या दारात गेला होता, आबांच्या पायांपाशी. त्यांनी तो उचलला. धोतराच्या सोग्यानं पुसला, चष्मा लावला आणि उजेडात धरला. आमच्याकडं पितळेच्या भांड्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालून घ्यायची रीत आहे. शेजारी-पाजारी मागून नेलेलं भांडं परत यावं म्हणून. आबांच्या घरची शिस्त अशी की फवारणीच्या पंपांच्या नळ्यांवरसुद्धा नावं घातलेली. त्या तुकड्यावर त्यांच्या नावाची अडीच अक्षरं होती. मी ती खड्ड्यातच वाचली होती. पण ज्याच्या घरचं नाव त्यानंच वाचलेलं बरं, असं मला वाटलं.

‘इलास,’ आबा म्हणाले, ‘हिकडं ये.’

विलास आला नाही. जिथं उभा होता तिथंच राहिला. मग आबा त्याच्याकडं गेले आणि तो तुकडा त्याच्यासमोर धरला. तो खाली बघत बोलला. काल लिंबाजी सुट्टीवर असताना त्यानं कापसाची बोचकी घालून गाडी शेतातून काढली होती. बांधावर खालून घासली आणि पाइप चिरला. गाडीला हात लावायचा नाही, असं आबांनी त्याला आधीच बजावलं होतं, म्हणून त्यानं सालगड्याकडून गुपचूप जोड मारून घेतला. रिकामी गाडी नीट चालली. त्याला वाटलं, झालं. आणि पुलावर बसली तेव्हा घाबरून तोंडातून पहिलं नाव लिंबाजीचं निघालं. मला तो माणूस वाईट वाटला नाही. घाबरलेला वाटला. पण त्याला घाबरल्यावर कुणाचं नाव सुचलं, ते मी विसरू शकत नाही.

आबांनी त्याला हात लावला नाही की शिवी दिली नाही. जीपवाल्याला म्हणाले, ‘पळ. गावात जाऊन सांग, आबानं सांगितलंय, काम घरचं हाय. वस्तीकडं कुणी पाऊल टाकलं तर गाठ माज्याशी हाय.’ जीप धुरळा उडवत गेली. वेळेवर पोचली. पोरं वस्तीच्या तोंडाशी जमली होती, ती पांगली. ट्रॉलीतले लोक काठ्या ट्रॅक्टरच्या सीटखाली सरकवून टपरीवर चहाला गेले. जाताना लिंबाजीकडं कुणी बघितलं नाही.

मी प्रेसचा एक मजबूत पाइप ठेवणीत ठेवला होता. तो कापून, दोन्हीकडं नट बसवून गाडीला घातला. तासाभरात गाडी पुन्हा सपाट उभी राहिली. लिंबाजी या सगळ्या वेळात खड्ड्यात माझ्याशेजारी होता. पाना मागितला की पाना देत होता. पाना दर वेळी बरोबर नंबरचा यायचा.

काम झाल्यावर आबा म्हणाले, ‘चल लिंबाजी. काढ गाडी.’

लिंबाजीनं फडक्याला हात पुसले. चावी बॉनेटवर ठेवली. ‘म्या न्हाई येत आबा.’

‘आता झालं की सगळं साफ. सगळ्यांनी बघितलं.’

‘बघितलं,’ लिंबाजी म्हणाला. ‘सकाळी शीट मागं सरकवलेलं व्हतं. बसल्याबरुबर मला कळलं, गाडी कुणीतरी चालविलीय. टाकीत तेलबी कमी व्हतं, ते म्या घातलं. पुलावर कुणी इचारलं आसतं तर सांगितलं आसतं. ट्रॉलीत घातल्यावर इचारलं आसतं तरी सांगितलं आसतं. तुमी मिस्त्रीला इचारलं. मिस्त्रीनं पाइपाला इचारलं. मला कुणीच इचारलं न्हाई.’

आबा म्हणाले, ‘मंग आता इचारतो की.’

‘आता काय इचारता,’ लिंबाजी म्हणाला. ‘आता पाइपानं सांगितलंय.’

तो चालत बसस्टँडकडं गेला. त्यानं पुढं बिऱ्हाड परभणीला आणलं आणि अ‍ॅटो चालवायला लागला. माझ्या शेडवरून जाताना हॉर्न वाजवायचा. पण ते नंतरचं. त्या दुपारी तो वळणाआड गेला तरी आबा रस्त्याकडं बघत उभेच होते. माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, ‘मिस्त्री, त्याचं घर नेमकं कुठं पडतं? वस्तीत शिरल्यावर कोणत्या हाताला?’

लिंबाजी त्यांच्याच गावचा. दहा-अकरा वर्षं रोज सकाळी त्यांच्या दारात गाडी पुसत उभा असायचा. मी परभणीचा, त्याच्या थोरल्या पोरीच्या लग्नाला एकदा जाऊन जेवून आलेला.

मी सांगितलं, ‘डाव्या हाताला. विहाराच्या मागचं दुसरं घर.’